शनिवारची पोपटी

मी शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे रंगांच्या बाबतीत माझं डोकं जरा लवकर तापतं. कुणी आमसुलीला सरसकट जांभळा म्हटलं की मला राग येतो. समोर अख्खं आकाश श्रीखंडी झालेलं असताना एखादा माणूस खाली मान घालून, मोबाईल बघत चहा पीत असेल, तर तो माझा नवरा असला तरी मी त्याला गदागदा हलवते. तो म्हणतो, ‘‘आपल्याकडे पाहुणा आला की त्याला पाणी नंतर मिळतं, आधी खिडकीपाशी उभं राहावं लागतं.’’ खरं आहे ते. पण आमची खिडकीच तशी आहे.

आमचं घर उलव्याला, नव्या बिल्डिंगमध्ये, वरच्या मजल्यावर. समोर रिकामा प्लॉट, त्यापलीकडे कांदळवन, त्यापलीकडे खाडी. एरवी इथे धूळ असते, डंपर असतात, आणि तळोज्याच्या कारखान्यांकडून वारा आला तर नाकाला ओढणी लावावी लागते. पण डिसेंबर लागला की सकाळी खाडीवर धुकं उतरतं. आधी राखाडी असतं, मग दुधी होतं, आणि सूर्य वर सरकला की थोडा वेळ आतून गुलाबी दिसतं. मग रिक्षा सुरू होतात, खालचा दूधवाला ओरडतो आणि ते कुठे जातं कळत नाही. मला हे रोज फुकट मिळतं, तरी मी रोज लॉटरी लागल्यासारखी ओरडते.

गेल्या हिवाळ्यात ह्या खिडकीपाशी मी माझ्या आईला उभं केलं होतं.

बाबा त्या उन्हाळ्यात गेले. दिवाळी झाल्यावर मी आईला सोलापूरकडच्या आमच्या गावाहून इकडे आणलं. आणलं म्हणजे जवळजवळ उचलूनच आणलं. येताना तिने एक पिशवी आणि एक अट बरोबर घेतली. अट अशी, की संक्रांतीच्या आत तिला गावाला परत पोचवायचं. का, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, कारण मला ठाऊक होतं. संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू असतं. घर सवाष्णींनी भरतं, हॉलमध्ये उखाणे चालतात, वाण लुटलं जातं. त्या दिवशी आपण घरात नसलेलं बरं, हे तिने स्वतःचं स्वतः ठरवून टाकलं होतं. तिला कुणी एक शब्द बोललं नव्हतं. असल्या गोष्टी आमच्याकडे कुणी बोलावं लागत नाही.

मला मात्र ती माझ्याजवळ हवी होती. गावाकडच्या त्या घरात आता ती आणि दाराची कडी, एवढंच उरणार होतं. एकटीसाठी कोण भाकरी थापतं? चहा-बटरवर दिवस काढेल, बीपीची गोळी विसरेल आणि फोनवर ‘बरी हाय की’ म्हणेल, हे मला स्पष्ट दिसत होतं. म्हणून संक्रांतीच्या आत तिचं मन वळवायचं, हेच माझं त्या हिवाळ्यातलं खरं काम होतं. शाळा, घर, वार्षिक प्रदर्शन हे सगळं त्याच्या मागून.

गंमत अशी की मला रंग शिकवले ते ह्याच बाईने. शाळेत लाल, पिवळा, निळा शिकायच्या आधी मला आईकडून मोरपंखी, अंजिरी, डाळिंबी आणि चिंतामणी माहीत झाले होते. लुगड्यांच्या दुकानात ती दुकानदाराशी वाद घालायची. ‘‘ह्याला मोतिया म्हणत्यात व्हय? हे तर साय हाय साय,’’ असं म्हणून ती ठाण परत ढकलायची आणि दुकानदार निमूट दुसरं काढायचा. माझं तापणारं डोकं कुठून आलं, ते ह्यावरून कळेल. आणि आता तीच आई राखी, बिस्किटी आणि मातकट ह्या तीन रंगांत फिरत होती. मी त्यांना मनात धुळीचे रंग म्हणायचे. त्याहून वाईट म्हणजे तिच्या तोंडातून ‘पाहिजे’ हा शब्दच गेला होता. चहा पाहिजे का विचारलं, तर म्हणायची, ‘‘कर, तुला करायचा असंल तर.’’

तर मी तिला एकेक नवल दाखवायचा सपाटा लावला.

डिसेंबरात पहिल्यांदा धुकं उतरलं, त्या सकाळी ते दाखवलं. ती खिडकीत आली, डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, ‘‘कुणीतरी कचरा पेटवलाय.’’ मी म्हटलं, आई, ते धुकं आहे. ती म्हणाली, ‘‘असंल,’’ आणि देवापाशी जाऊन बसली.

मग विमानं दाखवली. इथला नवा विमानतळ सुरू झाल्यापासून ती आमच्या डोक्यावरून इतकी खालून जातात, की पोरं गच्चीवर उभी राहून हात करतात. आईने मान वर करून एक विमान नजरेआड होईपर्यंत बघितलं. मला वाटलं, जमलं. ‘‘पोट दिसतंय की त्याचं,’’ ती म्हणाली, आणि घरात गेली.

एका रविवारी रिक्षा करून तिला खाडीच्या कडेला नेलं, रोहित पक्षी बघायला. चिखलात लांबवर ते उभे होते, माना खाली घालून, आणि मध्येच एखादा पंख उघडायचा तेव्हा आतला गुलाबी असा काही दिसायचा की मी टाचा उंचावून बघायचे. मी आईचा दंड धरून म्हटलं, ‘‘बघ, बघ, बघ!’’ ती म्हणाली, ‘‘बगळ्याला रंग लावल्यावाणी दिसतंय.’’ मग तिने पाठ फिरवली. रस्त्याच्या कडेला एक बाई वालाच्या शेंगांचा ढीग लावून बसली होती. आईने त्यातली एक शेंग उचलली, नखाने सोलली, वास घेतला आणि परत ठेवली. एवढ्या लांबून आलेले पक्षी सोडून शेंगा बघत बसलेल्या आईवर मी रिक्षात चांगलीच चिडले.

शाळेतल्या चित्रांच्या प्रदर्शनालाही नेलं. बक्षीस मिळालेल्या चित्रांवरून ती सरळ पुढे गेली. कोपऱ्यात पहिलीतल्या एका मुलाची हिरवीगार म्हैस होती, तिच्यापुढे मात्र ती थांबली. बराच वेळ थांबली.

‘‘म्हस हिरवी असती व्हय?’’ तिने विचारलं.

मी मुलांच्या कल्पनाशक्तीवर भाषण सुरू केलं. तिने मला हातानेच थांबवलं.

‘‘त्याला दिसली असंल तशी,’’ ती म्हणाली.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, ‘‘तू आईंची गाईड होऊ नकोस. तू गाईड झालीस की माणसं पळून जातात.’’ मी त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. संध्याकाळी त्याने आईसाठी सोलापूरच्या गाडीची तिकिटं बघायला सुरुवात केली, तेव्हा मात्र मला रडू आलं. त्याने फोन बाजूला ठेवला.

आणि मग ग्रुपवर तो मेसेज आला.

आमची बिल्डिंग ज्या शेतावर उभी आहे, ते शेत ज्यांचं होतं ते आगरी कुटुंब रस्त्यापलीकडेच बंगल्यात राहतं. बिल्डिंगमध्ये त्यांचे काही फ्लॅट आहेत, म्हणून त्यांची सून आम्हा बायकांच्या ग्रुपवर आहे. तिने लिहिलं, ‘शनिवारी संध्याकाळी आमच्या अंगणात पोपटी. सगळ्यांनी यायचं हां!’ पुढे आगीचं चित्र होतं. ती शेकोटी असणार, हे आम्ही ओळखलं. तेवढंच एक बरोबर ओळखलं.

आता आमची बिल्डिंग म्हणजे सगळी बाहेरून आलेली माणसं. कुणी सोलापूरचं, कुणी लातूरचं, कुणी जळगावचं, कुणी अकोल्याचं. ह्या भागातला हा सगळ्यांचाच पहिला नाहीतर दुसरा हिवाळा. इकडची म्हणावी अशी पेणची एकच मुलगी होती, ती बाळंतपणाला माहेरी गेलेली. आणि नवरात्र होऊन फार दिवस झाले नव्हते. नवरात्रात आम्ही रोज त्या त्या दिवसाचा रंग नेसून लिफ्टसमोर फोटो काढले होते. त्यामुळे पोपटी म्हटल्यावर कुणाच्याही मनात दुसरं काही आलंच नाही.

वरच्या मजल्यावरच्या जळगावच्या ताईंनी विचारलं, ‘पूर्ण पोपटी का? थोडी चालेल?’

सुनेचं उत्तर आलं, ‘थोडी कशाला? पूर्णच!’

‘पुरुषांनाही?’

‘हो तर! त्यांच्याशिवाय काय मजा?’

‘आणि लहान मुलांचं काय?’

‘त्यांची कमी तिखट ठेवू.’

ह्या शेवटच्या उत्तरावर ग्रुप जरा अडखळला. मग मी पुढे झाले. रंगांचा विषय, आणि मी गप्प बसणार? मी लिहिलं, की तिखट म्हणजे भडक. मुलांना फिकट पोपटी घातला तरी चालेल, असा त्याचा अर्थ आहे. मग लिहायला बसलेच होते, म्हणून सगळंच सांगून टाकलं. पोपटी म्हणजे पिस्ता नव्हे, शेवाळी नव्हे, बाटलीचा हिरवा तर मुळीच नव्हे. कागदावर रंगांचे चौकोन रंगवले, चुकीच्यांवर फुली मारली, खऱ्या पोपटीवर बरोबरची खूण केली आणि फोटो टाकला. अंगठ्यांची रांग लागली. मी खूश झाले.

आईला सांगितलं, ‘‘शनिवारी सगळ्यांनी पोपटी नेसायचंय.’’

‘‘नेसा की.’’

‘‘तू पण. तसा नियमच आहे.’’

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी तिला विमानातून उडी मारायला सांगितलं होतं. ‘‘हिरवं? मी? येडी झालीस काय? लोकं काय म्हणतील?’’

‘‘इथे कोण लोकं आहेत तुझी, काही म्हणायला?’’

‘‘तेच म्हणते मी. हितं कोण हाय माझं?’’

मी हे ऐकून इतकी दुखावले की चिडलेच. मग मी कोण आहे, असं काहीतरी ओरडले आणि स्वयंपाकघरात जाऊन नको तितके बटाटे चिरले. त्यानंतरचे दिवस मी तिला काहीही दाखवलं नाही. धुकं येऊन गेलं, मी एकटीनेच बघितलं.

शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला मी साडीला पिना लावत होते. नवरा कपाटात डोकं घालून ओरडत होता, की माझ्याकडे पोपटी रंगाचं काहीही नाही आणि कधीही नव्हतं. शेवटी त्याने कंपनीचं सेफ्टी जॅकेट काढलं. ते अगदी पोपटी नव्हे, डोळ्यांत खुपणारं काहीतरी होतं, पण मी ते चालवून घेतलं. तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं.

आई पोपटी इरकल नेसून उभी होती. लाल काठ, लाल पदर. हे लुगडं मी ओळखत होते, माझ्या साखरपुड्याला तिने नेसलं होतं. ते तिच्या पिशवीत होतं हे मला माहीत नव्हतं.

‘‘तुला द्यायला आणलंवतं,’’ ती म्हणाली. मग निऱ्यांकडे बघत म्हणाली, ‘‘आता बिल्डिंगीचा नियमच हाय म्हणल्यावर काय करायचं. आपल्यामुळं तुला खाली बघायला नको.’’

मी खाली मान घालून पिना लावत राहिले. बोलले असते तर तिने परत जाऊन बदललं असतं. नवऱ्याने मात्र सेफ्टी जॅकेटची चेन वर ओढली आणि म्हणाला, ‘‘चला आई, आपलं मॅचिंग झालं.’’ आई पदराआड हसली. बाबा गेल्यानंतर ती हसलेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली.

रस्ता ओलांडताना आमची वरात बघण्यासारखी होती. साड्या, कुर्ते, टी-शर्ट, पोरांच्या टोप्या, सगळं पोपटी. जळगावच्या ताईंच्या यजमानांना काहीच मिळालं नव्हतं, तर त्यांनी गळ्यात पोपटी पंचा घातला होता. एक डंपरवाला ब्रेक मारून बघत राहिला. आई माझा हात धरून मध्ये चालत होती, सगळ्यांत मिसळून. त्या गर्दीत तिचा रंग वेगळा दिसत नव्हता, आणि तेच तिला बरं वाटत होतं, हे तिच्या हाताच्या पकडीवरून मला कळत होतं.

बंगल्याच्या अंगणात सून मडक्यांपाशी बसली होती, मॅक्सी घालून, हातांना मीठ-मसाला लागलेला. मॅक्सी जांभळी होती. तिचा नवरा काळ्या टी-शर्टात, सासरे पांढऱ्या लेंग्यात. खुर्चीवर बसलेली तिची आजेसासू तर चक्क गुलाबी लुगड्यात. मला आधी वाटलं, ह्यांनीच नियम मोडला की काय.

सून आमच्याकडे बघत राहिली. मग तिने आपला फोन हातात घेऊन आमच्या ग्रुपवरचं सगळं पुन्हा वाचलं असावं, कारण एकदम ती पोट धरून हसायला लागली. हसता हसता तिला बोलता येईना.

‘‘अगं बाय... पोपटी... पोपटी खायची असते!’’

मग आजींनी खुर्चीवरून मोठ्याने विचारलं, ‘‘काय झाला गो?’’ नातसुनेने सांगितलं. आजींनी आम्हा सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. ‘‘पोपटी खावाची असते, नेसाची नाय,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पन आलाव त्या बरा झाला. अंगनात थवा उतरला जनू.’’ आणि मग जो हशा उठला, तो थांबेचना. जळगावच्या ताई माझ्याकडे बोट दाखवत होत्या. ‘‘ह्या बाईंनी! ह्या बाईंनी चौकोन रंगवून पाठवले!’’ सगळ्या जगाला शहाणपण शिकवणारी मी, त्या अंगणात तोंड कुठे लपवू असं झालं होतं. नवऱ्याला तर वर्षभराचा खुराक मिळाला.

पण माझं लक्ष आईकडे होतं. ती हसत नव्हती.

तिच्या चेहऱ्यावरून मला सगळं कळलं. ज्या नियमाच्या आधाराने ती इथवर आली होती, तो नियम नव्हताच. बाकीच्यांची नुसती फजिती झाली होती. ती मात्र आता परक्या अंगणात, सगळ्यांसमोर, हिरवं नेसून उभी होती. तिने पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी घाईघाईने माझ्या पिशवीतली तिची राखी शाल काढली आणि तिच्या अंगावर टाकायला गेले. ‘‘आई, थंडी आहे, ही घे. हवं तर आपण घरी जाऊ.’’

आई शालीकडे बघत राहिली. तिला काय वाटत होतं, ते मला आजही नेमकं सांगता येणार नाही. इतक्यात आजींनी शेजारच्या खुर्चीवर थाप मारली.

‘‘ये गो बाय, हिकरं बस. रंग सोबतो तुला.’’

आईने माझा हात बाजूला केला. ‘‘ठेव ती शाल,’’ ती मला म्हणाली. ‘‘इस्तवापाशी कुठली आलीय थंडी?’’ विस्तव अजून पेटवलेलाही नव्हता. ती जाऊन आजींच्या शेजारी बसली आणि माझा जीव भांड्यात पडला.

मग पोपटी कशी लावतात ते आम्ही सगळ्यांनी बघितलं, पण आईने बघितलं तसं कुणी बघितलं नाही. सून मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला घालत होती. भांबुर्डा म्हणजे आमच्या समोरच्या रिकाम्या प्लॉटवर उगवणारं, उग्र वासाचं रान. मी त्याला इतके दिवस नुसतं गवत समजत होते. पाल्यावर वालाच्या शेंगा, त्यावर मीठ आणि ओवा, मध्ये बटाटे, रताळी, अंडी, पुन्हा शेंगा. दुसऱ्या मडक्यात कोंबडी. वरून तोंडाशी पुन्हा पाला गच्च कोंबायचा.

‘‘पाणी कधी घालता?’’ आईने विचारलं.

‘‘पानी? येक थेंब नाय,’’ आजी म्हणाल्या.

‘‘पाण्याबिगर शिजतंय?’’ आईचा विश्वास बसेना. ती खुर्चीवरून उठली आणि मडक्यापाशी जाऊन उकिडवी बसली. पाला हातात घेऊन चुरगळला, वास घेतला, मला दिला, ‘‘बघ, बघ!’’ म्हणाली. महिनाभर मी तिला जे म्हणत होते, ते ती मला म्हणाली. मी वास घेतला. धुरकट, कडवट, ओव्यासारखा काहीतरी वास होता आणि मला तो फार आवडला.

मडकी जमिनीवर पालथी घातली. भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचल्या आणि पेटवलं. तोवर सूर्य खाडीकडे कलला होता. आकाश खाली डाळिंबी, वर अंजिरी, आणि त्याच्यापुढे एक विमान दिवे लावून उतरत होतं, पण मी कुणालाच हलवलं नाही. आईच्या लुगड्यावर जाळाचा उजेड पडला होता. तो पोपटी एका जागी ठरत नव्हता, क्षणात लिंबोणी व्हायचा, क्षणात सोनेरी, काठापाशी तर असा काही, की मला त्याला नाव सापडेना. सापडलं नाही म्हणून रागही आला नाही. मी नुसती बघत उभी राहिले.

जाळ खाली बसल्यावर आजींनी आईच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. ‘‘मडक्यावर पानी मार बाय. चर्र बोलला म्हंजे झाली.’’ आईने चार बोटं बुडवून पाणी शिंपडलं. चर्र! पाणी क्षणात उडालं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आईने आजींकडे बघून विचारलं, ‘‘आणखी एकदा मारू?’’ गरज नव्हती. आजी म्हणाल्या, ‘‘मार की.’’ तिने पुन्हा मारलं, आणि पुन्हा, आणि दर वेळी त्या आवाजाला ती लहान मुलीसारखी दचकून हसत होती. नवरा माझ्या कानाशी म्हणाला, ‘‘आईंना काही दाखवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, म्हणत होतीस ना? हे बघ आता.’’ मी त्याला कोपर मारलं. धूर डोळ्यांत गेला होता, असं मी सगळ्यांना सांगितलं.

मडकी सरळ करून तोंडाचा पाला काढला आणि शेंगा केळीच्या पानांवर ओतल्या. त्यांचा हिरवा गेला होता, सालीवर करपल्याचे डाग पडले होते, आणि आतले दाणे मऊ, वाफाळते, खारट. आम्ही बोटं भाजत, फुंकर घालत खाल्ल्या. सगळे पोपटी लोक पोपटीवर तुटून पडले. सुनेने आम्हा सगळ्यांचा फोटो काढला आणि म्हणाली, आता दरवर्षी नेसूनच यायचं. आईच्या पानावरच्या शेंगा संपल्या. मी काही विचारायच्या आत तिने पान पुढे केलं.

‘‘आणखी पाहिजेत,’’ ती म्हणाली.

निघताना आजींनी तिला एक पिशवी भरून कच्च्या शेंगा दिल्या. दोघी गेटपाशी बराच वेळ बोलत उभ्या होत्या. काय बोलल्या ते मला कळलं नाही. एकीची आगरी आणि दुसरीची सोलापुरी, दोघींना एकमेकींचं निम्मंच कळत असणार, पण दोघी माना हलवत होत्या.

लिफ्टमध्ये आम्ही तिघंच होतो. सगळ्यांच्या कपड्यांना धुराचा वास येत होता. आईने आरशात स्वतःकडे बघितलं, पदर नीट केला, केसांत अडकलेली काडी काढली. मग आरशातूनच मला विचारलं, ‘‘आता ह्यापुढचा रंग कुठला गं?’’

मी दमले होते, आणि रंगाचं विचारलं की उत्तर द्यायची मला सवय आहे. विचार न करता बोलून गेले, ‘‘पुढे आता संक्रांतच. काळा.’’

बोलले आणि जीभ चावली. नवऱ्याने मजल्यांच्या आकड्यांकडे बघायला सुरुवात केली. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली, दार उघडलं.

आईने शेंगांची पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली आणि बाहेर पडली.

‘‘माझ्याकडं काळं न्हाई,’’ ती म्हणाली. ‘‘उद्या दुकानात जाऊ. आणि रंग मी बघणार. तुला काळ्यातलं काय कळतंय?’’